टेक्निकल मदतीच्या स्टेप्स कशा लिहायच्या, म्हणजे वाचणारा मधेच अडकणार नाही

"मराठी कीबोर्ड कसा चालू करायचा", "यूपीआय पिन कसा सेट करायचा", "वायफायचा पासवर्ड कुठे बदलतात" असले लेख मराठीत आता बरेच आहेत आणि अजून कितीतरी हवेत, पण बऱ्याच लेखांचं होतं काय की पहिले तीन पॅरेग्राफ आजच्या युगात इंटरनेट किती महत्त्वाचं आहे यात जातात, मग घाईघाईत "सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदला" एवढं एक वाक्य येतं आणि लेख संपतो. ज्याला सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलता येते तो असला लेख शोधतच नाही. जो शोधतो त्याचं काम अडलेलं असतं आणि बहुतेक वेळा ज्या फोनवर तो वाचतोय त्याच फोनवर त्याला ते कामही करायचं असतं, म्हणजे एक ओळ वाचायची, ॲप बदलायचं, दाबायचं, परत यायचं, आपण कुठपर्यंत आलो होतो ते शोधायचं आणि मग पुढची ओळ. स्टेप्स लिहिताना हा माणूस डोळ्यासमोर ठेवायचा, बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

हे मी एवढं मनावर घेते त्याला कारण आहे. अडकलेला माणूस शांत बसत नाही, तो गूगलवर "अमुक कस्टमर केअर नंबर" शोधतो आणि तिथे भामट्यांनी पेरून ठेवलेले नंबर असतात. पलीकडचा माणूस गोड बोलून स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो, त्यातला कोड विचारून घेतो आणि खातं रिकामं होतं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्क या स्क्रीन शेअर करणाऱ्या ॲपच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं, आणि असे प्रकार आजही थांबलेले नाहीत. आपल्या लेखातली एक गाळलेली स्टेप कोणालातरी त्या नंबरपर्यंत नेऊ शकते, म्हणून पैशाच्या किंवा अकाउंटच्या विषयावर लिहिताना तर फारच जपून लिहायचं.

एका लेखात एकच काम

"व्हॉट्सॲपची संपूर्ण माहिती" असा लेख कोणाच्याच कामाचा नसतो. एक काम घ्या आणि शीर्षक माणूस जसं बोलेल तसं द्या. "जीबोर्ड भाषा संयोजन मार्गदर्शक" असं कोणी शोधत नाही, "नवीन फोनवर मराठी टाइप होत नाहीये" असं शोधतात. शीर्षकाखाली लगेच दोन ओळींत सांगा की हे कोणत्या फोनसाठी आहे, शेवटी काय होईल आणि हाताशी काय काय लागेल.

हे हाताशी काय लागेल बरेच जण विसरतात आणि सगळ्यात जास्त माणसं तिथेच अडकतात. यूपीआय पिनचंच घ्या. डेबिट कार्डाचा रस्ता घेतला तर कार्ड हाताशी लागतं कारण कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि एक्सपायरी महिना-वर्ष विचारतात, बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं, आणि सुरुवातीला नंबर तपासायला फोनमधून एक एसएमएस जातो तर तो जाण्यापुरता बॅलन्स लागतो. हे सगळं चौथ्या स्टेपला कळलं तर माणूस उठून कपाटातलं कार्ड शोधायला जातो आणि तोपर्यंत ओटीपीची वेळ संपून जाते, परत पहिल्यापासून सुरू. तेच वर एका ओळीत लिहिलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. आणि त्याच जागी हेही लिहा की पिन चार आकडी की सहा आकडी ते बँकेवर अवलंबून असतं, कारण शेजाऱ्याने चार आकडी टाकला आणि आपल्याकडे सहा रकाने आले की माणसाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं.

रस्ता कोणता घ्यायचा ते आधी ठरवा

एकाच गोष्टीला फोनमध्ये तीन-तीन रस्ते असतात. मराठी कीबोर्ड आणायला फोनच्या सेटिंग्जमधून जाता येतं, पण तो रस्ता प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वेगळा. कुठे "सिस्टिम"मध्ये, कुठे "ॲडिशनल सेटिंग्ज"मध्ये, सॅमसंगमध्ये "जनरल मॅनेजमेंट"मध्ये. असा रस्ता घेतला की तुम्हाला "रेडमी असेल तर असं, सॅमसंग असेल तर तसं" असं लिहीत बसावं लागतं आणि वाचणारा दुसऱ्याच फोनच्या स्टेप्स वाचून गोंधळतो. त्यापेक्षा कीबोर्ड उघडून कीबोर्डच्याच सेटिंगमध्ये जायचा रस्ता घ्या, जीबोर्ड म्हणजे गूगलचा कीबोर्ड असलेल्या कुठल्याही अँड्रॉइड फोनवर तो जवळपास सारखाच असतो. तुम्हाला स्वतःला जो रस्ता सवयीचा आहे तोच वाचणाऱ्याला सोपा असेल असं नाही, म्हणून लिहायच्या आधी सगळे रस्ते एकदा चालून बघा आणि ज्यात कमी फाटे आहेत तो निवडा. आणि निवडला की तोच एक द्या. "किंवा असंही करू शकता" असे तीन पर्याय देणं म्हणजे उदारपणा वाटतो पण नवख्याला त्यातून निवडता येत नाही.

सॅमसंगमध्ये बऱ्याचदा त्यांचा स्वतःचा कीबोर्ड असतो, जीबोर्ड नसतो, आणि आयफोनचा रस्ता तर पूर्णच वेगळा आहे. त्यांच्यासाठी वेगळे लेख लिहा, एकातच कोंबू नका.

आता प्रत्यक्ष स्टेप्स

नेहमी दिसणारं वाक्य असं असतं: "सेटिंग्जमध्ये जाऊन लँग्वेज ऑप्शनमधून मराठी सिलेक्ट करून घ्यावी व आवश्यकतेनुसार ग्लोबचा वापर करून कीबोर्ड चेंज करावा."

यात कुठली सेटिंग्ज ते सांगितलेलं नाही. वाचणारा फोनच्या सेटिंग्जमध्ये जातो, तिथे खरंच "लँग्वेज" मिळतं, तो मराठी निवडतो आणि सगळा फोनच मराठी होतो. कीबोर्ड तसाच इंग्रजी आणि वर मेनूची नावं बदलल्यामुळे आता मागे जायचा रस्ताही सापडत नाही. एका न लिहिलेल्या शब्दामुळे माणूस आधीपेक्षा जास्त अडकला. तेच मी असं लिहीन:

१. व्हॉट्सॲपमध्ये कोणतंही एक चॅट उघडा आणि खाली मेसेज लिहायच्या जागेवर टॅप करा. कीबोर्ड वर येईल.

२. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत डाव्या टोकाला चार छोट्या चौकटींचं चिन्ह आहे, त्यावर टॅप करा. अक्षरांच्या जागी बरीच चिन्हं दिसतील.

३. त्यातल्या "सेटिंग्ज" या गिअरच्या (दातेरी चाकाच्या) चिन्हावर टॅप करा. जीबोर्डची सेटिंग्ज उघडतील. (ही फोनची सेटिंग्ज नाहीत, फक्त कीबोर्डची आहेत.)

४. "लँग्वेजेस" वर टॅप करा. आत्ता चालू असलेल्या भाषांची यादी दिसेल.

५. खालच्या "ॲड कीबोर्ड" बटणावर टॅप करा, मग भाषांच्या यादीत मराठी शोधून त्यावर टॅप करा.

६. आता कीबोर्डचे प्रकार दिसतील. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहायचं असेल तर "एबीसी → मराठी" निवडा. देवनागरी अक्षरं थेट दाबायची असतील तर "मराठी" निवडा. निवडलेल्या प्रकारावर टिक येईल.

७. "डन" वर टॅप करा आणि मागे मागे जात परत चॅटमध्ये या. स्पेसबारशेजारी पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह आलेलं दिसेल. त्यावर टॅप केलं की इंग्रजी आणि मराठी बदलतं. चिन्ह दिसत नसेल तर स्पेसबार दाबून धरा, भाषांची यादी येईल.

लांबी वाढली, खरंय, पण वाचायला लागणारा वेळ वाढला तरी काम व्हायला लागणारा वेळ कमी झाला. आता यात काय काय केलंय ते सांगते.

प्रत्येक स्टेपमध्ये आधी जागा आहे, मग कृती आहे आणि मग काय दिसेल ते आहे. जागा आधी, कारण वाचणारा वाचता वाचता डोळे फिरवत असतो, "टॅप करा" आधी वाचलं आणि कुठे ते नंतर कळलं तर त्याचं बोट तोपर्यंत कुठेतरी पडलेलं असतं. गूगलने सॉफ्टवेअर डेव्हलपरांसाठीच्या लेखनाची त्यांची स्टाइल गाइड, म्हणजे कसं लिहायचं त्याचे नियम, २०१७ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली, त्यातही हेच सांगितलंय की कुठे ते आधी लिहा, कशासाठी तेही आधी, मग काय करायचं ते. अटींचं पण तसंच. "डन दाबा, जर टिक आली असेल तर" असं कधीच लिहू नका, तोपर्यंत त्याने डन दाबलेलं असतं. "टिक आली असेल तर" आधी.

काय दिसेल ते लिहिणं हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि सगळ्यात जास्त तोच गाळला जातो. ही ओळ म्हणजे घाटातल्या किलोमीटरच्या दगडासारखी असते, बरोबर चाललोय हे कळतं आणि चुकलो असू तर लगेच कळतं, पुढे पाच स्टेप्स गेल्यावर नाही. पण प्रत्येक ठिकाणी हवीच असंही नाही. पाचव्या स्टेपमध्ये "ॲड कीबोर्ड" दाबल्यावर लांब यादी येते ते मी वेगळं लिहिलं नाही, कारण पुढच्याच अर्ध्या वाक्यात ती यादी आलीय.

पाचव्यात दोन कृती एकत्र आहेत हेही तुमच्या लक्षात आलं असेल. एका स्टेपला एकच कृती हा नियम चांगला आहे पण आंधळेपणाने पाळला की वीस स्टेप्स होतात आणि बघूनच माणूस घाबरतो. माझा हिशोब असा की दोन्ही कृती मिळून मधे काही चुकायला जागा नसेल तर एकत्र घ्या, मधे काही निवडायचं किंवा थांबायचं असेल तर तोडा. सहावी म्हणूनच वेगळी आहे, तिथे वाचणाऱ्याला ठरवायचंय आणि ठरवायला लागणारी माहिती तिथेच हवी.

दुसऱ्या स्टेपला आणखी एक रस्ता होता, स्वल्पविरामाची की दाबून धरायची आणि बोट न उचलता गिअरवर सरकवायचं. जलद आहे, पण दाबून धरून सरकवणं हे ज्यांना सवय नाही त्यांना जमत नाही, हमखास बोट सुटतं. साधा टॅप मिळत असेल तर साधा टॅपच द्या.

भाषा कशी ठेवायची

"करावे", "करण्यात यावे", "सदर पर्याय निवडल्यास" ही परिपत्रकाची भाषा सोडून द्या. "टॅप करा", "निवडा", "थांबा" एवढं सरळ. आणि एका कृतीला पूर्ण लेखात एकच शब्द. पहिल्या स्टेपला टॅप, तिसऱ्याला क्लिक, पाचव्याला दाबा, सातव्याला प्रेस असं झालं की वाचणाऱ्याला वाटतं ह्या चार वेगळ्या गोष्टी आहेत, विशेषतः "दाबा" आणि "दाबून धरा" यात तर खरंच फरक आहे. शाळेत शिकवलेलं की तोच तोच शब्द परत वापरू नये, ते निबंधासाठी ठीक, इथे उलटं.

बटणाचं नाव स्क्रीनवर जसं दिसतं तसंच द्या. बहुतेकांच्या फोनचे मेनू इंग्रजीत असतात, तर "भाषा जोडा" असं लिहिलं तर ते त्याला कुठेच सापडणार नाही. चिन्हांच्या बाबतीत आकार सांगा, नाव नको. "हॅम्बर्गर मेनू" म्हणजे काय ते कोणाला कळणार, "वर डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा" हे सगळ्यांना कळतं.

वाक्याच्या लांबीबद्दल एक चांगला आधार आहे. विमानांच्या मेंटेनन्सची मॅन्युअल्स वाचणाऱ्या ज्या मेकॅनिकांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी युरोपातल्या विमान उद्योगाने सोपं इंग्रजी ठरवून घेतलं, त्याची पहिली गाइड १९८६ मध्ये आली आणि आज त्याला सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात. त्यात सूचनेच्या वाक्याला जास्तीत जास्त २० शब्दांची मर्यादा आहे. मराठीत मला २० सुद्धा जास्त वाटतात, बारा-पंधरात नीट बसतं. हा माझा लेख बोलल्यासारखा लांबलचक वाक्यांत लिहिलाय ते ठीक आहे, पण वरच्या सात स्टेप्स तशा लिहिल्या असत्या तर चाललं नसतं.

आणि "फक्त", "सोपं आहे", "सहज" हे शब्द स्टेप्समधून काढून टाका. ज्याला जमत नाहीये त्याला "फक्त एवढं करा" वाचून स्वतःचाच राग येतो.

धोक्याची सूचना स्टेपच्या आधी

हे एका उदाहरणाने सांगते. वायफाय स्लो झालं की राउटर बंद-चालू करा असं सांगतात, ते रीस्टार्ट. राउटरच्या मागे एक बारीक छिद्र असतं, त्यात पिन घालून काही सेकंद दाबून धरलं की होतं ते रीसेट. रीसेट केलं की वायफायचं नाव, पासवर्ड सगळं पुसलं जातं, आणि तुमच्या ब्रॉडबँड कनेक्शनला राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरलेला असेल, बऱ्याच लोकल कनेक्शनला असतो, तर तोही जातो आणि मग तो परत भरेपर्यंत इंटरनेट नाही. आता "छिद्रातलं बटण दहा सेकंद दाबून धरा" ही स्टेप आणि त्याच्या खालच्या ओळीत "टीप: याने सर्व सेटिंग्ज जातील" असं लिहिलेलं मी पाहिलंय. ती टीप वाचेपर्यंत दहा सेकंद होऊन गेलेले असतात.

म्हणून जे परत आणता येत नाही, जिथे डेटा जातो, पैसे जातात किंवा अकाउंट बंद होऊ शकतं, त्याची सूचना त्या स्टेपच्या आधी, वेगळ्या ओळीत, आणि त्यात तीन गोष्टी हव्यात. काय जाईल, ते जाऊ नये म्हणून आधी काय लिहून किंवा जपून ठेवायचं, आणि आत्ता हे करायचं नसेल तर काय. यूपीआयवर लिहीत असाल तर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही हे पिन टाकायच्या स्टेपच्या वर लिहा. ओटीपी कोणालाही सांगू नका हे लेखाच्या तळाशी लिहिण्यात अर्थ नाही, ओटीपी येतो त्या स्टेपला लिहा. पण सगळीकडे लाल अक्षरात "सावधान" लिहू नका, मग खरी सूचना पण डोळ्यांना दिसेनाशी होते.

स्क्रीनशॉट

स्क्रीनशॉट मदत करतात पण स्टेपच्या ऐवजी नाही. सगळं चित्रातच असेल तर स्लो नेटवर ते उघडत नाही, छोट्या स्क्रीनवर वाचता येत नाही आणि ज्यांना दिसत नाही, जे फोनकडून वाचून घेतात, त्यांना काहीच मिळत नाही. चित्र काढून टाकलं तरी स्टेप समजली पाहिजे. पूर्ण स्क्रीन न देता कामाचा भाग कापा, पण आजूबाजूचं थोडं ठेवा म्हणजे हे स्क्रीनच्या कुठल्या भागात आहे ते कळेल, आणि एका चित्रात एकच लाल गोल. टाकायच्या आधी चित्रातले नंबर, नावं, चॅट, क्यूआर कोड सगळं पूर्ण झाकून टाका, नुसतं पुसट करून भागत नाही. आणि बँकेची बरीच ॲप्स स्क्रीनशॉट घेऊच देत नाहीत, काळी स्क्रीन येते, तर दुसऱ्या फोनने फोटो काढून टाकण्यापेक्षा तिथे शब्दांतच नीट लिहा.

दुसऱ्याच्या हातात देऊन बघा

लिहून झालं की स्वतः परत करून बघतो आपण, पण आपल्या फोनवर ते आधीच सेट झालेलं असतं. पहिल्यांदा ॲप उघडल्यावर "अलाउ" विचारणाऱ्या ज्या खिडक्या येतात त्या आपल्याला दिसतच नाहीत कारण आपण त्या कधीच्या मंजूर केल्यात, आणि लेखात त्या नसल्या की वाचणारा पहिल्याच खिडकीवर थांबतो. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनवर गेस्ट युजर सुरू करता येतो, त्यात करून बघितलं की कोरा फोन असल्यासारखं सगळं पहिल्यापासून दिसतं.

मग ज्याला ते येत नाही अशा कोणाला तरी लेख द्या आणि शेजारी बसा. काही बोलायचं नाही. हे फार अवघड जातं, हात शिवशिवतो, पण तुम्ही एकदा बोट दाखवलंत की चाचणी संपली. बोट कुठे थांबतं, कुठली ओळ परत वाचली जाते, कुठे मान वर करून "आता?" असं विचारलं जातं ते कागदावर टिपत राहा. "आता?" आलं म्हणजे त्या स्टेपला काय दिसेल ती ओळ नाहीये. मागे गेला म्हणजे जागा नीट सांगितलेली नाही. भलतंच बटण दाबलं म्हणजे तिथे सारख्या नावाची दोन बटणं आहेत आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. आणि तो जर म्हणाला "माझीच चूक झाली, मला कळलं नाही", तर तेही टिपा आणि स्टेप बदला. माणसाला चांगल्या मनाने स्वतःला दोष द्यायची सवय असते.

शेवटी "नाही झालं तर" असा भाग द्या, पण तो अंदाजाने भरू नका, याच चाचणीत जे अडथळे आले तेवढेच त्यात घ्या. जे दिसतं ते जसंच्या तसं लिहा, म्हणजे एरर मेसेजचे शब्द जसे येतात तसे, कारण माणूस तेच शोधत येणार. मदतीचा नंबर द्यायचा असेल तर तुमच्या आठवणीतला देऊ नका, ॲपच्या आतल्या हेल्प भागात किंवा कार्डाच्या मागे छापलेला बघायला सांगा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, तो मात्र सरळ द्या.

तारीख आणि व्हर्जन

लेखाच्या वर महिना, वर्ष आणि कोणत्या फोनवर, कोणत्या अँड्रॉइडवर तपासलं ते लिहा. अँड्रॉइड १२ मध्ये पिक्सेलसारख्या फोनवर वरून खाली ओढल्यावर येणारं वायफायचं बटण जाऊन "इंटरनेट" नावाचं बटण आलं आणि "वायफाय बंद-चालू करा" सांगणारे लेख एका फटक्यात जुने झाले. २०१७ मध्ये आलेलं तेज हे ॲप पुढच्याच वर्षी गूगल पे झालं, तेजच्या नावाने लिहिलेल्या स्टेप्समधलं नावच स्क्रीनवर राहिलं नाही. हे होतच राहणार, त्यामुळे कमी लेख लिहा पण अधूनमधून उघडून करून बघा. आणि कोणी "माझ्याकडे हे ऑप्शनच नाही" म्हणालं तर "नीट बघा" असं उत्तर देऊ नका, फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडचं व्हर्जन विचारा. "अबाउट फोन"मध्ये दोन्ही मिळतं, कुठे बघायचं तेही सांगा. मग त्या स्टेपखाली त्या फोनसाठी एक ओळ वाढवा आणि वरची तारीख बदला.